एचआयव्हीचे उपप्रकार आणि त्यांची बदलती प्रथिने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) केंद्रातले समुपदेशक, मायक्रोबायोलॉजीचे विद्यार्थी आणि हातातल्या रिपोर्टचा अर्थ इंटरनेटवर शोधणारे रुग्ण, असे तिन्ही वाचक डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. रेणूंच्या तपशिलात रस नसेल तर चाचणी, गोळ्या आणि लस यांवरचे प्रश्न थेट वाचले तरी काही बिघडत नाही.

एचआयव्ही एकच ना? मग हे ‘बी’, ‘सी’, ‘सीआरएफ’ काय प्रकरण आहे?

मुळात विषाणू दोन आहेत. एचआयव्ही-१ चिंपांझी आणि गोरिला यांच्याकडून माणसात आला, तर एचआयव्ही-२ पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे नावाच्या माकडाकडून. एचआयव्ही-१ चे एम, एन, ओ आणि पी असे चार गट आहेत. वानरांकडून माणसात तो चार वेळा स्वतंत्रपणे आला, त्याचे हे चार गट. यांतला एम गट तेवढा जगभर पसरला. किन्शासा शहरात जपून राहिलेल्या १९५९ आणि १९६० च्या दोन नमुन्यांवरून मागे हिशेब केला, तर या गटाचा आरंभ विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत जातो. म्हणजे रोगाला नाव मिळण्याआधी पाऊणशे वर्षे विषाणू माणसात वावरत आणि बदलत होता.

एम गटाच्या फांद्या म्हणजे उपप्रकार : ए, बी, सी, डी, एफ, जी, एच, जे, के आणि २०१९ मध्ये मान्यता मिळालेला एल. यादीत ई आणि आय दिसत नाहीत, कारण ती अक्षरे ज्यांना दिली होती ते विषाणू पुढे मिश्र निघाले. अशा मिश्र विषाणूंपैकी जो एकमेकांशी संबंध नसलेल्या किमान तीन जणांत सापडतो, त्याला सीआरएफ (सर्क्युलेटिंग रिकॉम्बिनंट फॉर्म, म्हणजे फिरता मिश्र प्रकार) म्हणून क्रमांक मिळतो. जुना ‘ई’ आता सीआरएफ०१_एई या नावाने ओळखला जातो. अशा क्रमांकांनी शंभरी कधीच ओलांडली आहे.

आपल्याकडे कोणता आढळतो?

सी. भारतातल्या ९० टक्क्यांहून अधिक संसर्गांत हाच उपप्रकार असतो, महाराष्ट्रातही तेच. भारतातले बहुतेक ‘सी’ विषाणू वंशवृक्षावर एकाच फांदीवर बसतात आणि ती फांदी आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या ‘सी’ला जाऊन मिळते. ईशान्येत, विशेषतः म्यानमारला लागून असलेल्या मणिपूरमध्ये, चित्र वेगळे आहे. तिथे सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांमध्ये बी आणि बी-सी मिश्र विषाणूही दिसतात. पुण्यातल्या नमुन्यांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासात ए-सी मिश्रण सापडले होते, तेव्हा आपल्याकडे सगळे शुद्ध ‘सी’च असते असे समजू नये.

जगाचा विचार केला तर जवळपास निम्मे संसर्ग ‘सी’चे आहेत आणि ‘बी’चे सुमारे १२ टक्के. ‘बी’ मुख्यतः अमेरिका, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियातला. प्रयोगशाळा आणि औषध कंपन्याही तिथल्याच, त्यामुळे पाठ्यपुस्तकातला एचआयव्ही म्हणजे बहुतेक वेळा ‘बी’ असतो. पुढची अर्धी उत्तरे या एका गोष्टीभोवती फिरतात.

इतका बदल होतो कसा?

रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर (एन्झाइम) विषाणूच्या आरएनएवरून डीएनए उतरवून काढते आणि उतरवलेले तपासून पाहत नाही. विषाणूचा सगळा मजकूर, म्हणजे जनुकसंच, सुमारे ९,७०० अक्षरांचा. चुकांचा वेग पाहता दर तीन-चार नव्या प्रतींमागे सरासरी एक बदल पडतो. हे थोडेच वाटेल. पण उपचार न घेतलेल्या माणसाच्या शरीरात दिवसाला १,००० कोटींच्या घरात विषाणूकण तयार होतात. त्या गतीने मजकुरातल्या प्रत्येक अक्षराचा बदल रोज कुठे ना कुठे घडून जातो. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा विषाणूलाच मारक असतात. जो थोडा उपयोगी पडतो तो टिकतो.

दुसरे कारण मिश्रणाचे. प्रत्येक कणात आरएनएच्या दोन प्रती असतात. दोन पोथ्या समोर ठेवून नक्कल करणाऱ्या लेखनिकाची नजर मधेच एका पोथीवरून दुसरीवर जावी, तसे हे विकर एका प्रतीवरून दुसरीवर जाते. एकाच पेशीत दोन उपप्रकार शिरले असतील तर त्यातून मिश्र विषाणू जन्मतो.

तिसरे कारण थोडे गमतीचे आहे. आपल्या पेशीतले अपोबेक-३जी नावाचे प्रथिन विषाणूच्या मजकुरात मुद्दाम चुका घालते, इतक्या की तो निकामी व्हावा. विषाणूचे व्हिफ हे प्रथिन त्याचा काटा काढते. पण हा बंदोबस्त कधी कधी अर्धवट पडतो, आणि मग शरीराने घातलेल्या थोड्याशा चुका विषाणूच्या विविधतेत भर घालून जातात.

सगळी प्रथिने सारखीच बदलतात का?

नाही, आणि या पानावरचे एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचा.

एचआयव्हीची जनुके नऊ. त्यांतल्या गॅग, पोल आणि एन्व्ह या मोठ्या तिघांची वागणूक एकमेकांपासून फार वेगळी आहे. दोन उपप्रकारांतला फरक एन्व्हमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. गॅग आणि पोल त्या मानाने बरेच स्थिर. एन्व्हपासून बनणारे प्रथिन कणाच्या बाहेरच्या अंगाला असते आणि अँटीबॉडींचा सगळा मारा त्यावर होतो. बदलले तरच निभाव लागतो, आणि बदलायला जागाही आहे. पोलमधून निघणारी प्रोटिएज, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आणि इंटिग्रेज ही विकरे मात्र कामाच्या जागी हलू शकत नाहीत. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि प्रोटिएजच्या माळेत २५व्या जागी अस्पार्टिक आम्ल लागतेच. इंटिग्रेजमध्ये ६४, ११६ आणि १५२ या तीन जागा ठरलेल्या. त्या बदलल्या की विकर थांबले आणि विषाणूचा वंश तिथेच खुंटला.

गॅगमधले कॅप्सिड म्हणजे पी२४ हे प्रथिन मला सगळ्यांत बोलके वाटते. त्याच्या सुमारे १,५०० प्रती एकमेकींत अडकून शंकूसारखे कवच बनते. प्रत्येक प्रतीचे आजूबाजूच्या प्रतींशी सांधे, त्यामुळे एका जागी बदल केला की सांधा ढिला होतो. ज्यांच्या शरीरात एचएलए-बी५७ हा जनुकप्रकार आहे त्यांच्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या मारक पेशी) याच प्रथिनाच्या एका तुकड्यावर नेमक्या हल्ला करतात. विषाणू त्यातून सुटायला २४२व्या जागी थ्रिओनिनऐवजी अॅस्परजिन बसवतो. सुटका होते, पण वाढ मंदावते. तोच विषाणू पुढे बी५७ नसलेल्या माणसाकडे गेला, तर तो बदल हळूहळू मागे फिरतो. बदल विषाणूला फुकट पडत नाहीत, हे इथे स्पष्ट दिसते.

एन्व्हमध्ये नेमके काय बदलते?

एन्व्हचे दोन भाग : बाहेरचा जीपी१२० आणि पटलात रुतलेला जीपी४१. तीन-तीन जोड्या मिळून एक काटा होतो. एका कणावर असे काटे जेमतेम ७ ते १४ असतात, म्हणजे अँटीबॉडीला पकडायला जागाच कमी.

जीपी१२० वर व्ही१ ते व्ही५ असे पाच बदलते पट्टे आहेत. व्ही१ आणि व्ही२ ची तर लांबीसुद्धा बदलते. नवी अमिनो आम्ले घुसतात, जुनी गळतात. झांबियातल्या ‘सी’ संसर्गाच्या अभ्यासात जोडीदाराकडे पोहोचणारे विषाणू आखूड व्ही१-व्ही२ वाले आणि कमी शर्करासाखळ्यांचे आढळले. संसर्ग जुना होत जातो तसे पट्टे लांबतात आणि साखळ्या वाढतात. या साखळ्या आपल्याच पेशी बनवून देतात, म्हणून प्रतिकारशक्तीला त्या परक्या वाटत नाहीत. जीपी१२० च्या वजनाचा साधारण निम्मा भाग साखरेचाच असतो. एक साखळी थोडी सरकली तरी कालपर्यंत चालणारी अँटीबॉडी आज चालत नाही.

व्ही३ हा सुमारे ३५ अमिनो आम्लांचा पट्टा. पेशीत शिरताना पेशीवरच्या सीडी४ या प्रथिनाला चिकटल्यानंतर सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ यांपैकी कोणता दुसरा दरवाजा वापरायचा, हे बऱ्याच अंशी तो ठरवतो. त्याच्या ११व्या किंवा २५व्या जागी धनभारित अमिनो आम्ल आले की सीएक्ससीआर४ कडे कल असल्याची शक्यता वाढते. व्ही३ च्या टोकाला ‘बी’मध्ये बहुधा जीपीजीआर आणि ‘सी’मध्ये जीपीजीक्यू अशी (एकेका अक्षराने लिहिलेली) चार अमिनो आम्ले असतात. ‘सी’ सहसा सीसीआर५ ला चिकटून राहतो. ‘डी’ मात्र सीएक्ससीआर४ कडे जास्त झुकतो.

सीडी४ ला जिथे चिकटायचे ती खोबण मात्र सगळ्या उपप्रकारांत बरीचशी तशीच आहे. तिथे मोठा बदल केला तर पेशीत शिरायचे दारच बंद होईल.

‘सी’च्या छोट्या प्रथिनांत काय वेगळे आहे?

व्हीपीयूच्या सुरुवातीला पाच अमिनो आम्ले जास्त असतात. रेव्हच्या शेवटची १६ गळालेली असतात, कारण थांबण्याची खूण आधीच येते. टॅटमध्ये ३१व्या जागी इतर उपप्रकारांत सिस्टीन असते, तिथे भारतातल्या बहुतेक ‘सी’ विषाणूंत सेरीन आहे. या शेवटच्या बदलावर बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या गटाने २००४ मध्ये दाखवले की असा टॅट मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींना नीट बोलावून घेऊ शकत नाही. मेंदूत विषाणू नेण्यात त्या पेशींचा हात असतो, म्हणून भारतात एचआयव्हीशी निगडित डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) कमी का दिसतो याचे हे एक स्पष्टीकरण म्हणून मांडले गेले. स्पष्टीकरण सुंदर आहे. पण स्मरणशक्ती आणि एकाग्रतेच्या सौम्य तक्रारी भारतीय रुग्णांतही आढळतात, तेव्हा ‘आपला विषाणू मेंदूला धरत नाही’ असे त्यावरून कुणाला सांगू नये.

मग कोणता उपप्रकार जास्त घातक?

पूर्व आफ्रिकेत, जिथे ए आणि डी शेजारी शेजारी आढळतात, तिथे ‘डी’वाल्यांची प्रकृती उपचारांविना लवकर ढासळते असे वारंवार दिसले आहे. २०२२ मध्ये नेदरलँड्समधून ‘बी’चाच व्हीबी नावाचा एक प्रकार जाहीर झाला. तो १०९ जणांत सापडला, रक्तातला विषाणू साडेतीन ते साडेपाच पट जास्त आणि सीडी४ पेशी (विषाणू ज्यांत शिरतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) घटण्याचा वेग दुप्पट. तरी उपचार सुरू झाल्यावर त्या लोकांची प्रकृती इतरांसारखीच सुधारली. गोळ्या सुरू असलेल्या माणसासाठी हा प्रश्न जवळपास निकालात निघतो.

वेगळ्या उपप्रकारामुळे चाचणी निगेटिव्ह येऊ शकते का?

पूर्वी असे झाले आहे. १९९० च्या दशकात ओ गटाचे काही संसर्ग तेव्हाच्या किटमधून निसटले, त्यानंतर किटमध्ये त्या गटाचे प्रथिनतुकडेही घातले गेले. आजच्या किट जीपी४१ च्या स्थिर भागावर आणि काही पी२४ वर बेतलेल्या असतात. आपल्याकडे आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात) वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन किट वापरून निदान पक्के करतात, त्यामागे हाही विचार आहे. निगेटिव्ह रिपोर्टबद्दल शंका असेल तर उपप्रकारापेक्षा विंडो पीरियडचा (संसर्ग झाला पण चाचणीत अजून दिसत नाही अशा सुरुवातीच्या काळाचा) विचार आधी करा.

रिपोर्टवर माझा उपप्रकार का लिहीत नाहीत? तपासून घेऊ का?

कारण त्याने उपचार बदलत नाही. औषध लागू पडत नसल्याची शंका आली की रेझिस्टन्स (विषाणूने औषधाला दाद न देणे) तपासणारी चाचणी करतात, तीत पोल जनुकाचा मजकूर वाचला जातो आणि उपप्रकार आपोआप कळतो. केवळ कुतूहलासाठी खासगी लॅबला हजारो रुपये देऊ नका.

गोळ्या ‘बी’वर शोधल्या गेल्या. आपल्या ‘सी’वर त्या चालतात?

चालतात. औषधे ज्या जागी बसतात त्या विकरांच्या स्थिर जागा आहेत आणि त्या दोन्हीकडे सारख्या. ‘सी’च्या प्रोटिएजमध्ये ३६, ६९, ८९ आणि ९३ या जागांवर ‘बी’पेक्षा वेगळी अमिनो आम्ले मुळातच असतात. ती रिपोर्टवर पाहून काही जण घाबरतात. तो रेझिस्टन्स नव्हे, तो ‘सी’चा जन्मजात चेहरा आहे.

फरक पडतो तो रेझिस्टन्स येण्याच्या वाटेत. उदाहरण एफाविरेन्झ या औषधाचे घेऊ. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या १०६व्या जागी दोन्ही उपप्रकारांत व्हॅलीनच असते, पण जनुकात ते तीन अक्षरांनी लिहिण्याची पद्धत वेगळी : ‘बी’मध्ये जीटीए, ‘सी’मध्ये जीटीजी. ‘सी’ला एकच अक्षर बदलून एटीजी, म्हणजे मेथिओनिन, गाठता येते आणि औषध निष्प्रभ होते. ‘बी’ला त्यासाठी दोन अक्षरे बदलावी लागतात. म्हणून व्ही१०६एम (अशी नावे कशी वाचायची ते शेवटच्या उत्तरात आहे) हा बदल ‘सी’मध्ये ठळकपणे पुढे आला. टेनोफोविरविरुद्धचा के६५आर हा बदलही प्रयोगशाळेत ‘सी’मध्ये लवकर निवडला जातो, त्या भागातल्या अक्षरांच्या क्रमामुळे विकर तिथे अडखळते.

भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. २०२० च्या सुमारास एफाविरेन्झची जागा डोल्यूटेग्राविरने घेतली आणि टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन व डोल्यूटेग्राविर ही एकत्र गोळी, म्हणजे टीएलडी, नेहमीची झाली. डोल्यूटेग्राविरविरुद्ध रेझिस्टन्स यायला विषाणूला बरीच किंमत मोजावी लागते, मग तो कोणत्याही उपप्रकाराचा असो. त्यामुळे वरच्या परिच्छेदातल्या बारकाव्यांचे व्यवहारातले वजन आता कमी झाले आहे. गोळ्या चुकवण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा.

उपप्रकाराचा खरा परिणाम दिसणारी औषधे आपल्या रोजच्या यादीबाहेर आहेत. फोस्टेमसाविर जीपी१२० वर बसते आणि सीआरएफ०१_एई मध्ये ३७५व्या जागी हिस्टिडीन असल्याने तिथे ते नीट बसत नाही. कॅबोटेग्राविर-रिलपिविरिन या लांब मुदतीच्या इंजेक्शनच्या जोडीबाबत रशियाकडे आढळणारा ए६ हा उपप्रकार इतर कारणांसोबत आला की अपयशाची शक्यता वाढते.

एचआयव्ही-२ असल्यास?

इथे मात्र प्रकार ओळखणे अत्यावश्यक आहे. एफाविरेन्झ आणि नेव्हिरापिन एचआयव्ही-२ वर मुळातच चालत नाहीत, कारण त्याच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजमधली ती खोबणच वेगळी आहे. दुसरी अडचण व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातला विषाणू मोजण्याची : नेहमीची चाचणी एचआयव्ही-१ ची असते, ती एचआयव्ही-२ मोजत नाही. सीडी४ घटत असताना व्हायरल लोड ‘आढळला नाही’ असा येत राहिला तर डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा. मुंबईत एचआयव्ही-२ ची नोंद १९९१ मध्येच झाली आहे, गोव्यातही तो आढळतो. गिनी-बिसाऊ, अंगोला आणि मोझांबिकशी असलेल्या जुन्या पोर्तुगीज दळणवळणाशी त्याचा संबंध जोडला जातो. भारतात प्रमाण कमी आहे, पण शून्य नाही.

आम्ही दोघेही पॉझिटिव्ह आहोत. मग काँडोमची गरज काय?

दुसऱ्या प्रकारच्या विषाणूचा नव्याने संसर्ग होऊ शकतो, हे २००२ पासून सिद्ध आहे. त्यात रेझिस्टन्स असलेला विषाणू आला तर चालू गोळ्या अडचणीत येतात. दोघांचाही व्हायरल लोड सातत्याने दबलेला असेल तर ही भीती जवळपास उरत नाही. एकाने जरी गोळ्या सोडल्या असतील तर ती खरी आहे.

चाळीस वर्षे झाली, लस का नाही?

या विविधतेमुळे, आणि विषाणू आपल्याच डीएनएत जाऊन लपतो त्यामुळे. इन्फ्लूएन्झाची लस आपण वर्षागणिक बदलतो. एचआयव्हीच्या बाबतीत दीर्घकाळ संसर्ग असलेल्या एका माणसाच्या शरीरातली विविधता जगभरच्या इन्फ्लूएन्झाच्या एका वर्षाच्या विविधतेशी तुलना करण्याइतकी असते. कोणता नमुना घेऊन लस बनवायची?

उत्तरे बरीच शोधली गेली. थायलंडमधल्या आरव्ही१४४ या चाचणीत तिथल्या सीआरएफ०१_एई आणि बी यांवर बेतलेली लस १६,००० हून अधिक लोकांवर पाहिली गेली आणि २००९ मध्ये ३१.२ टक्के संरक्षण दिसले. तीच कल्पना ‘सी’साठी बेतून दक्षिण आफ्रिकेत ‘उहाम्बो’ चाचणी झाली. लस घेतलेल्यांत १२९ आणि न घेतलेल्यांत १२३ संसर्ग झाल्यावर २०२० मध्ये ती थांबली. मग अनेक उपप्रकारांचे तुकडे संगणकाने जुळवून केलेली मोझेक लस आली, तिच्या दोन्ही मोठ्या चाचण्या २०२१ आणि २०२३ मध्ये अपयशी ठरल्या. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, म्हणजे नारीत, फेब्रुवारी २००५ मध्ये देशातली पहिली एचआयव्ही लसचाचणी झाली. तीही ‘सी’वरच बेतलेली होती, लस सुरक्षित निघाली, पण प्रतिकारशक्ती पुरेशी जागी झाली नाही.

स्थानिक उपप्रकाराची लस बनवली की काम झाले, ही समजूत ‘उहाम्बो’ने खोडली असे माझे मत आहे. सीडी४ ची खोबण धरणारी व्हीआरसी०१ ही अँटीबॉडी लोकांना थेट देऊन पाहिली गेली, तेव्हा तिला बळी पडणाऱ्या विषाणूंविरुद्ध ती सुमारे ७५ टक्के उपयोगी ठरली. पण फिरत्या विषाणूंपैकी जेमतेम ३० टक्केच तसे होते. म्हणून आता शरीराला अशा अनेक दुर्मीळ अँटीबॉडी पायरीपायरीने बनवायला शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात ३६ पैकी ३५ स्वयंसेवकांत त्यासाठी लागणाऱ्या पूर्वज बी पेशी (ज्यांच्यापासून पुढे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी होतात त्या) जाग्या झाल्या. पहिली पायरी म्हणून हे उत्तम आहे, लस म्हणायला अजून फार अवकाश आहे.

सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन म्हणजे लसच ना?

नाही, लेनाकापाविर हे औषध आहे. पण वर कॅप्सिडबद्दल जे सांगितले त्याचा इतका चोख वापर दुसऱ्या कुणी केलेला नाही. हे औषध कॅप्सिडच्या सांध्यातच जाऊन बसते, आणि तो सांधा सगळ्या उपप्रकारांत जवळपास सारखा. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्या दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. दक्षिण आफ्रिकेत ‘सी’, युगांडात ए आणि डी. ६६व्या, ६७व्या किंवा ७४व्या जागी बदल करून विषाणू यातूनही निसटू शकतो, पण त्यांतल्या ६६व्या जागेच्या बदलाने तो चांगलाच दुबळा होतो.

रिपोर्टवरचे एम१८४व्ही वगैरे कसे वाचायचे?

मधला आकडा म्हणजे प्रथिनातली जागा. आधीचे अक्षर नेहमीचे अमिनो आम्ल, नंतरचे बदललेले. एम१८४व्ही म्हणजे १८४व्या जागी मेथिओनिन जाऊन व्हॅलीन आले. हा बदल लॅमिव्ह्युडिनला निष्प्रभ करतो. जागा मोजायला जगभर एचएक्सबी२ हा संदर्भ विषाणू वापरतात. तो ‘बी’ उपप्रकाराचा आहे, त्यामुळे ‘सी’चा रुग्ण असला की ‘बदलां’ची यादी उगाच लांबलचक दिसते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मजकूर टाकला की यांतले रेझिस्टन्सचे कोणते आणि नैसर्गिक कोणते हे वेगळे करून मिळते, तेही मोफत. विद्यार्थ्यांनी लॉस अलामॉसचा एचआयव्ही डेटाबेस उघडून भारतातले ‘सी’चे काही मजकूर एकाखाली एक लावून पाहावेत. एन्व्ह आणि पोल यांच्या स्तंभांतला फरक नजरेलाच कळतो.